आकाशात गंधक, समुद्रात लोह

हवामान अभियांत्रिकीचा विषय नववी-दहावीच्या वर्गात निघाला की मुलं चटकन म्हणतात, "म्हणजे कृत्रिम पाऊस!" महाराष्ट्रात 2003च्या दुष्काळात विमानातून ढगांवर फवारणी झाली होती, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. पण त्या प्रयोगाला आधी ढग लागतो आणि त्याचा परिणाम त्या भागापुरताच राहतो. हवामान अभियांत्रिकीत साऱ्या पृथ्वीच्या तापमानात जाणूनबुजून हात घातला जातो. त्याचे मार्ग मुख्यतः दोन: थोडं ऊन परतवणं किंवा हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेणं.

ऊन परतवलं की प्रश्न मिटला, हा गैरसमज जास्त घातक. जून 1991मध्ये फिलिपिन्सच्या पिनातुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला, त्यापासून बनलेल्या कणांनी ऊन परतवलं आणि जगाचं तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. दोनेक वर्षांत कण खाली बसले, गारवा ओसरला. कार्बन डायऑक्साइड होता तिथेच राहिला.

त्याने काय बिघडतं, हे शाळेच्या प्रयोगशाळेतच दाखवता येतं. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, कारण उच्छ्वासातला वायू कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो. पण बराच वेळ फुंकत राहिलं की तोच पांढरा साका विरघळून निवळी पुन्हा स्वच्छ होते. शिंपले आणि प्रवाळ याच कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात. समुद्रात जास्तीचा कार्बन डायऑक्साइड मुरत राहिला की त्यांच्यावर हेच संकट येतं, आणि ऊन परतवायला आकाशात कितीही गंधक फवारलं तरी ते टळत नाही. इतका स्वस्त आणि इतका बोलका प्रयोग दुसरा नाही. तो प्रत्येक शाळेत व्हायला हवा.

मग यंत्रांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊ, असं कुणीतरी म्हणतंच. आइसलँडमध्ये 2021मध्ये सुरू झालेल्या ओर्का प्रकल्पाची क्षमता वर्षाला 4,000 टन. जगाचं उत्सर्जन वर्षाला 3,500 कोटी टनांहून अधिक. भागाकार मुलांनाच करू द्यावा: ओर्काची वर्षभराची कमाई जग चार सेकंदांच्या आत उडवतं!

समुद्रात लोह टाकलं की शैवाल वाढून कार्बन तळाशी जाईल, ही आशा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसोबत 2009मध्ये दक्षिण महासागरात तपासली. सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळलं. शैवाल वाढलं, पण बरंचसं इवल्या प्राणिप्लवकांनी फस्त केलं. तळाकडे गेलेला कार्बन अगदी थोडा होता.

हे सारं शास्त्रज्ञांनीच ठरवायचं, असंही मुलांना वाटतं. 2021मध्ये स्वीडनच्या किरुना इथून ऊन परतवण्याच्या एका प्रकल्पासाठी हार्वर्ड विद्यापीठाचे संशोधक नुसती उपकरणं तपासायला फुगा सोडणार होते. कण फवारायचेही नव्हते. तरी तिथल्या सामी लोकांनी आक्षेप घेतला आणि ते उड्डाण रद्द झालं. 2024मध्ये हार्वर्डने तो प्रकल्पच बंद केला.