खव्याच्या डब्याचे लेबल घरच्या घरी

भूम तालुक्याचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा यांची ओळख करून द्यायला नको. पण ईटच्या एखाद्या घराने अर्धा किलोचा डबा भरून बाजारात पाठवायचा म्हटले, की लेबलापाशी गाडी अडते. छापखान्यात ते करून मिळते. मात्र वजन किंवा भाव बदलला की पुन्हा फेरी. हे काम आता घरातल्या फोनवर होते. प्रश्न इतकाच, की ॲप कोणते घ्यावे?

फोटोशॉपच्या मागे लागू नका. १९९० साली निघालेले ते सॉफ्टवेअर मुळात धंदेवाईक कारागिरांचे. संगणकावरच्या पूर्ण आवृत्तीला वर्गणी पडते. गिम्प फुकट आहे, पण त्याला संगणक हवा आणि शिकायला सवडही. फोटो नुसता उजळायचा, कडा कापायच्या, तर गूगलचे स्नॅपसीड पुरे. मजकूर मांडायचा तर कॅनव्हा सोयीचे. त्यात लेबलाचे माप मिलिमीटरमध्ये देता येते. मुकुटाची खूण असलेल्या चित्रांना पैसे पडतात, ती सोडून द्या. कोणत्याही ॲपने काही दिवस फुकट म्हणून बँकेचा तपशील मागितला तर तेथेच थांबा. मुदत सरली की पैसे आपोआप कापले जातात.

ॲप पसंत करण्याआधी त्यात ‘शुद्ध’, ‘विक्री’, ‘कुंथलगिरी’ हे तीन शब्द लिहून पाहा. वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली, जोडाक्षर फुटले, तर ते आपल्या कामाचे नाही, मग कितीही नावाजलेले असो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फुकट मिळणारा टाइप बारीक छापला तरी स्वच्छ वाचता येतो.

आणि बारीक छापावे लागतेच. घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, पत्ता, अन्न नोंदणीचा १४ आकडी क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, एवढे सारे त्या चौकटीत मावायला हवे. वेलबुट्टी नंतर. खव्याचा फोटोही फार पांढरा करू नका. गिऱ्हाईक डबा उघडून पाहतेच.

छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात, म्हणजे ३ इंच रुंद लेबलाला ९००. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवले तर ठिपके कमी होतात. पीडीएफ करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आधी एकच प्रत काढून घ्या, डब्यावर चिकटवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तारीख वाचायला सांगा.