बदललेली गुडघ्याची वाटी पुन्हा बदलावी लागली तर ती किती टिकते?

अहिल्यानगर : गुडघ्याची वाटी बदललेली माणसं आता खेडोपाडी दिसतात. पण बसवलेला सांधा पुन्हा काढून दुसरा बसवायचा म्हटलं की घरचे घाबरतात. डॉक्टर याला 'रिव्हिजन' म्हणतात.

पहिला सांधा बहुतेकांना पुरतो. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार शंभरातले सुमारे ८२ सांधे २५ वर्षं टिकतात. बाकीचे ढिले होणं, मधलं प्लास्टिक झिजणं, जंतुसंसर्ग किंवा मोडतोड यामुळे बदलावे लागतात.

रिव्हिजन किती टिकते? ब्रिटनमधल्या ३३ हजारांहून जास्त गुडघ्यांच्या नोंदी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पहिल्या रिव्हिजननंतर १३ वर्षांत शंभरातल्या सुमारे २० गुडघ्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया लागली. दुसऱ्या रिव्हिजननंतर तेवढेच गुडघे ५ वर्षांतच बिघडले, तर तिसरीनंतर अवघ्या ३ वर्षांत. म्हणजे पहिली रिव्हिजन बऱ्यापैकी साथ देते, पण पुढची प्रत्येक खेप कमी टिकते.

कारण सरळ आहे. जुना सांधा काढताना थोडं हाडही जातं. मग नवा सांधा धरून राहावा म्हणून हाडात लांब दांडा घालावा लागतो. संसर्ग असेल तर बऱ्याचदा दोन टप्पे करतात. आधी सांधा काढून औषधी सिमेंट भरतात आणि संसर्ग गेल्यावर नवा बसवतात. दुखणं कमी होतं, चालणं सुधारतं, पण गुडघा सहसा पहिल्या वेळेइतका मोकळा होत नाही. उकिडवं बसून खुरपणी, मांडी घालून पंगत विसरलेली बरी.

खर्चही जास्त. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये साध्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये, तर रिव्हिजनच्या सांध्याची १,१३,९५० रुपये ठरवली होती. जीएसटी आणि रुग्णालयाचा खर्च वेगळा. सरकारी योजनेत काय बसतं, ते आरोग्यमित्राला आधीच विचारावं.

म्हणून पहिला सांधाच जपायला हवा. वजन आणि साखर ताब्यात ठेवा, सांगितलेल्या वेळी एक्स-रे काढा. गुडघा नव्याने दुखला, सुजला, गरम लागला किंवा जखमेतून पाणी आलं, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका. आधीच अँटिबायोटिक घेतलं तर तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांना गाठा.

आणि डिस्चार्ज कार्ड, सांध्याच्या कंपनी-मापाचं स्टिकर रेशनकार्डासारखं जपून ठेवा, मोबाईलमध्ये फोटोही काढा. पुढे रिव्हिजन करायची वेळ आलीच, तर डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतात.