बिनचौकटीची खिडकी

संगणकावरचे खेळ हा विषय या पानावर पाहून काही जुन्या वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. पडो बापडी. ज्या घरी संगणक एक आणि वापरणारी माणसे चार, तेथे या खेळांवरून रोज खटके उडतात, हे शिकवण्यांच्या निमित्ताने घरोघर जाताना आम्ही पाहत आलो आहो. खटक्याचे मूळ पुष्कळदा मुलात नसते. खेळाच्या एका साध्या सेटिंगमध्ये असते.

पडद्याविषयी बहुतेक खेळांत तीन पर्याय दिलेले असतात: फुलस्क्रीन, विंडोड आणि बॉर्डरलेस. फुलस्क्रीनच्या मूळ प्रकारात खेळ साऱ्या पडद्याचा ताबा एकटा घेतो. संस्थानी अमदानीत सरकारस्वारी निघाली की रस्ता मोकळा करीत, त्यातलाच हा प्रकार. पडद्याचे रेझोल्यूशनसुद्धा तो आपल्या सोयीने बदलतो. मध्येच कोणी ऑल्ट आणि टॅब दाबून शिकवणीचा व्हिडिओ कॉल घ्यायला गेले, की ही सारी व्यवस्था पालटावी लागते. पडदा क्षणभर काळा होतो; एखादा जुना खेळ तर त्या धक्क्याने बंदच पडतो. पुढची रडारड ओघाने आलीच.

बॉर्डरलेस म्हणजे खिडकीच. पण तिची चौकट आणि वरची नावाची पट्टी काढून टाकलेली, व आकार बरोबर पडद्याएवढा. पाहणाऱ्याला फरक कळत नाही. संगणकाच्या लेखी मात्र खेळ आता चार खिडक्यांतली एक. ऑल्ट-टॅब दाबा, शिष्य समोर हजर. पुन्हा दाबा, खेळ होता तिथे. (जाळ्यावरून इतरांशी चाललेला डाव मात्र तेवढ्यात थांबत नाही, हे आईबापांनी ध्यानात घ्यावे. हाक मारण्यापूर्वी डाव संपू द्यावा.)

मग ही सोय सर्वांनी पहिल्यापासून का पत्करली नाही? याचे उत्तर आम्हां गाण्याबजावण्याच्या लोकांना चटकन पटावे. 2007 साली विंडोज व्हिस्टाबरोबर डेस्कटॉप विंडो मॅनेजर आला. सगळ्या खिडक्यांची चित्रे गोळा करून तो एक चित्र रचतो आणि पडद्यावर धाडतो. या मध्यस्थीत खेळाचे चित्र साधारण एक फ्रेम मागे पडे. सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एक फ्रेम म्हणजे सुमारे 16.7 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम 19 फूट जातो. तबलजी गवयाच्या शेजारून उठून 19 फुटांवर जाऊन बसला, असे समजा. विलंबितात कोणाच्या ध्यानी येणार नाही. द्रुत लयीत सवाल-जवाब सुरू झाले की तेवढे अंतर टोचू लागेल. नेमबाजीचे खेळ खेळणारी मुले बॉर्डरलेसमध्ये हात जड लागतो म्हणत, ती तक्रार खोटी नव्हती.

पुढे यात सुधारणा झाली. 2012 च्या विंडोज 8 मध्ये फ्लिप नावाची नवी रीत आली. चित्राची नक्कल करीत बसण्याऐवजी मूळ चित्रच पुढे करायचे, अशी ती रीत. सर्व जुळून आले तर मध्यस्थ बाजूलाच सरतो आणि विलंब जवळजवळ नाहीसा होतो. डायरेक्टएक्स 12 चे खेळ याच रीतीने चालतात. डायरेक्टएक्स 10 व 11 च्या खेळांसाठी विंडोज 11 मध्ये 2022 पासून एक वेगळे बटण आहे. ते डिस्प्लेच्या सेटिंगमधल्या ग्राफिक्स विभागात सापडते, चालू ठेवावे.

संगणक अशक्त असेल तर मात्र विचार करावा. बॉर्डरलेसमध्ये खेळ सहसा डेस्कटॉपच्याच रेझोल्यूशनने चालतो. 1920 बाय 1080 चा पडदा म्हणजे 20,73,600 बिंदू. 1280 बाय 720 चा केला तर 9,21,600. सव्वादोन पट ओझे झाले. काही खेळ आतले चित्र लहान काढून मग मोठे करतात, त्यांचे ठीक चालते. ज्यांत ती सोय नाही, ते जुन्या संगणकावर फुलस्क्रीनमध्येच बरे.

दोन पडदे जोडलेल्या घरी आणखी एक गंमत होते. ऐन रंगात माऊसचा बाण शेजारच्या पडद्यावर निसटतो, तिथे बोट दाबले जाते आणि खेळ मागे पडतो. बाण खिडकीतच कोंडून ठेवण्याची सोय पुष्कळ खेळांत असते, ती आधीच लावून घ्यावी.