पंखा सारखाच, मग एकाचं पातं का मोडतं?

मच्छीमार बांधवांनो, बंदी ३१ जुलैला संपते. होड्या वर ओढल्यात तोवर पंखा उतरवून बघून घ्या. दोन होड्यांना एकाच मापाचा पंखा, तरी एकाचं पातं दुसऱ्याच हंगामात मुळाशी मोडतं. आपण म्हणतो, धातू खोटा. दरवेळी तसं नसतं. धातू कशात ओतला आणि किती वेळात थिजला, यावरही बरंच असतं.

कारापूर-डिचोलीकडच्या लोकांना ओतकाम नवं नाही. डिचोलीची पितळी समई वाळूच्या साच्यातच ओततात, भाग वेगवेगळे ओतून मग जोडतात. होडीचा ब्राँझचा पंखाही बहुधा वाळूतलाच. वाळू उष्णता हळू ओढते, धातू सावकाश थिजतो, दाणा जाड पडतो आणि ताकद थोडी कमी येते. लोखंडी साचा, म्हणजे डाय, उष्णता झटकन ओढतो. दाणा बारीक, माल मजबूत. आउटबोर्डचे ॲल्युमिनियमचे पंखे बरेचदा असेच होतात. पण मोठ्या पंख्याच्या चार नगांसाठी डाय कोण करणार? परवडत नाही.

खरी गोम पुढेच आहे. पात्याची कड पातळ, ती आधी थिजते. मधला जाड भाग सगळ्यात शेवटी. थिजताना धातू आकसतो. तेव्हा वरच्या रायझरमधून पातळ धातू खाली उतरत राहिला नाही, तर आत पोकळी राहते. बाहेरून ती दिसत नाही. साचा ओला असला तर वाफेची छिद्रं पडतात ती वेगळीच, आणि काही जण ती लांबी भरून घासून देतात.

म्हणून पंखा दोरीला टांगून हलकेच हातोडी मारा. नाद घुमला तर बरं, बद्द वाजला तर घेऊ नका. मोडलेल्या जागी तांबूस रंग दिसला, तर खाऱ्या पाण्यानं पितळेतलं जस्त खाल्लंय. तिथे ओतणाऱ्याला बोल लावू नका.

बिडाचं मात्र उलटं. ते झटकन थंड झालं की कडक आणि ठिसूळ होतं. इंजिनाच्या बिडाच्या भागाला वेल्डिंग केल्यावर पाणी ओतू नका, कोरड्या राखेत रात्रभर पुरून ठेवा.

आणि घरी जाळ्याचं शिसं ओतता ना? शिसं ३२७ अंशांना वितळतं. साचा आधी तापवून कोरडा करा. थेंबभर पाण्याची वाफ होऊन तापलेलं शिसं तोंडावर उडतं. हे काम उघड्यावर करा, पोरांना लांब ठेवा, आणि घरच्या चुलीवर तर नकोच.