विश्लेषण : कर्करोगावर ‘पेप्टाइड’ औषधांचा शोध कशासाठी? ती इम्युनोथेरपी स्वस्त करतील?

कर्करोगाविरुद्ध शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी इम्युनोथेरपी प्रभावी असली, तरी तिचा खर्च बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यामुळेच आकाराने लहान आणि रासायनिक पद्धतीने बनवता येणाऱ्या पेप्टाइड औषधांवर संशोधन सुरू आहे.

प्रतिकारशक्तीला ‘ब्रेक’ कशाला?

टी-पेशी रोगग्रस्त पेशी नष्ट करतात. मात्र त्या बेफाम होऊन निरोगी अवयवांवर तुटून पडू नयेत, यासाठी त्यांच्यावर ‘पीडी-१’ नावाचे प्रथिन असते. समोरच्या पेशीवरील ‘पीडी-एल१’ त्याला जोडले गेले, की टी-पेशी थंडावते. अनेक कर्करोग पेशी नेमका याच ब्रेकचा गैरफायदा घेतात. असे ब्रेक सैल करून कर्करोगावर उपचार करता येतात, या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

सध्याच्या औषधांत अडचण काय?

निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे म्हणजे प्रतिपिंडे. ती जिवंत पेशींमध्ये तयार करावी लागत असल्याने निर्मिती खर्चिक ठरते. त्यांचा रेणू अवाढव्य, सुमारे दीड लाख डाल्टनचा असल्याने घट्ट गाठीत खोलवर शिरणे अवघड जाते. शिवाय ती अनेक आठवडे शरीरात राहतात. आतडे, फुप्फुस किंवा थायरॉइडला सूज आली, तरी औषधाचा परिणाम लगेच थांबवता येत नाही.

खर्चाचा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने वेगळ्या मार्गाने हाताळला. निवोलुमॅबची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे. टाटाच्या चाचणीत डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात तोंडावाटे घ्यायच्या औषधांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम दिले गेले. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले.

पेप्टाइड वेगळे कसे?

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. पीडी-१ आणि पीडी-एल१ जिथे जुळतात, तो भाग पसरट आहे. नेहमीच्या गोळ्यांतील चिमुकल्या रेणूला तिथे पकड घ्यायला खोबण सापडत नाही. पेप्टाइड मात्र अशा पृष्ठभागावर बऱ्यापैकी पसरून बसू शकते आणि प्रतिपिंडाच्या तुलनेत ते कितीतरी लहान असते.

मग अडते कुठे?

शरीरातील विकरे पेप्टाइड चटकन तोडतात आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. त्यावर उपाय म्हणून साखळीची टोके जोडून कडे बनवले जाते, किंवा विकरांना सहजी न तुटणारी, आरशातील प्रतिमेसारखी उलट रचनेची अमिनो आम्ले वापरली जातात. मधुमेहावरील सेमाग्लुटाइड या पेप्टाइडला मेदाम्लाची शेपटी जोडल्याने ते आठवड्यातून एकदा घेतले तरी पुरते. हीच युक्ती येथेही आजमावता येते.

संशोधन कुठवर आले?

बंगळूरुच्या ऑरिजीन कंपनीने पीडी-१ च्याच रचनेवरून २९ अमिनो आम्लांचे ‘एयूएनपी-१२’ तयार केले. ब्रिस्टल मायर्स स्क्विब या कंपनीने कड्याच्या आकाराची पेप्टाइडे विकसित केली. प्रतिपिंडांची जागा घेईल असे पेप्टाइड मात्र अद्याप रुग्णांच्या हाती आलेले नाही. प्रयोगशाळेत ब्रेक सुटणे आणि रुग्णाच्या शरीरातील गाठ आक्रसणे, यांत मोठे अंतर आहे. पेप्टाइडची निर्मिती सोपी झाली, तरी मोठ्या चाचण्यांचा खर्च टळत नाही. त्यामुळे स्वस्त इम्युनोथेरपीसाठी आज तरी कमी मात्रेचा मार्गच अधिक जवळचा आहे.