पत्ता चुकलेला आकडा

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे जुने नाव तुम्हाला ठाऊक आहे का? ते होते सेगाव. १९३६ साली महात्मा गांधी तेथे राहायला आले आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. पण बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे! नावांच्या साम्यामुळे टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम असे बदलले. पत्त्याचा असाच घोटाळा संगणकातल्या तक्त्यांतही होतो.

माझाच अनुभव सांगतो. आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थी पावसाच्या नोंदी ठेवत होते. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत : वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा. प्रत्येक तालुक्याची एक एक्सेल फाइल आणि नववी मुख्य फाइल. आठही फाइलींतले आकडे मुख्य फाइलीत आपोआप येत व त्यांची सरासरी निघे. एके दिवशी आर्वीची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, काल आमच्याकडे खूप पाणी आलं. इथे आर्वीपुढे शून्य कसं?"

पाहतो तो काय, आर्वीच्या फाइलीत ६४ मिलिमीटर आणि मुख्य फाइलीत ०! ६४ भागिले ८, म्हणजे जिल्ह्याची सरासरी ८ मिलिमीटरने कमी निघाली होती.

असे का झाले? मुख्य फाइलीच्या त्या चौकटीत आपण आकडा लिहिलेला नसतो, पत्ता लिहिलेला असतो. त्याचे भाग चार : फोल्डर, फाइल, पान आणि चौकटीचा क्रमांक. आदल्या संध्याकाळी मुख्य फाइल बंद असताना मी आर्वीच्या फाइलीचे नाव बदलले होते. जुन्या नावाची फाइल संगणकाला सापडली नाही. तशी सूचना पडद्यावर आली, पण आम्ही ती सवयीने बाजूला सारली. मग संगणकाने आधी आणलेला जुनाच आकडा तसाच ठेवला. पोस्टमन चार घरी विचारून माणूस शोधतो. संगणक विचारत नाही.

आता दुरुस्ती पाहू. 'डेटा' या विभागात 'एडिट लिंक्स' असते. नव्या आवृत्तीत त्याला 'वर्कबुक लिंक्स' म्हणतात. तेथे सर्व दुव्यांची यादी मिळते. कोणती फाइल सापडत नाही ते पाहा आणि 'चेंज सोर्स' निवडून नवी फाइल दाखवा. शेजारचे 'ब्रेक लिंक' मात्र दुरुस्तीचे साधन नव्हे. त्याने पत्ता कायमचा पुसला जातो व शेवटचा आकडा तेवढा उरतो. चौकटीत 'रेफ' अशी खूण दिसली, तर मूळ पान किंवा चौकटच नाहीशी झाली आहे असे समजा. तेथे सूत्रच नव्याने लिहावे लागते.

याहून फसवा प्रकार आणखी एक आहे. मुख्य फाइल बंद असताना मूळ तक्त्यात वरच्या बाजूला एक ओळ वाढवली, तर दुवा तुटत नाही. पण त्या क्रमांकाच्या चौकटीत आता दुसराच आकडा आलेला असतो. घर तेच, राहणारा वेगळा! यावर उपाय म्हणजे मूळ चौकटीला स्वतंत्र नाव देणे आणि सूत्रात क्रमांकाऐवजी ते नाव वापरणे. ओळी वाढल्या तरी नाव आपल्या आकड्याबरोबर सरकते. शिवाय सर्व फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि हलवायच्या झाल्यास एकत्र हलवा.

करून पाहा : दोन फाइली दुव्याने जोडा. दोन्ही बंद करून मूळ फाइलीचे नाव बदला, तिच्यातला आकडाही बदला आणि मग मुख्य फाइल उघडा. जुना आकडा किती निर्धास्तपणे बसलेला असतो ते दिसेल. प्रयोगशाळेत आपण मापन पुन्हा घेऊन पडताळतो ना? तसाच तक्त्यातला एखादा आकडा अधूनमधून मूळ नोंदीशी ताडून पाहावा. आमची चूक संगणकाने पकडली नाही. आदल्या दिवशी पावसात भिजलेल्या मुलीने पकडली.