गोळ्यांच्या गुंगीचा हिशेब

घरातील वृद्ध माणूस दिवसाही पेंगू लागला, चालताना त्याचा तोल जाऊ लागला, की ‘वयच झाले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण दोष पुष्कळदा वयाचा नसून औषधांचा असतो. झोपेची गोळी एका डॉक्टरांची, खाजेवरची दुसऱ्यांची, लघवीच्या तक्रारीवरची तिसऱ्यांची. प्रत्येकीची गुंगी थोडी, पण बेरीज कोणीच करीत नाही.

ही बेरीज मांडण्याची रीत सारा हिल्मर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केली. अशा प्रत्येक औषधाची रोजची मात्रा घ्यावयाची आणि ती मात्रा अधिक त्याची किमान गुणकारी मात्रा, या बेरजेने तिला भागावयाचे. किमान मात्रेला अर्धा गुण. मात्रा वाढेल तसा तो एकाकडे सरकतो. सर्व गुण मिळवले की एकूण भार कळतो. सत्तरी गाठलेल्या अमेरिकन वृद्धांत जेथे हा भार अधिक, तेथे शारीरिक क्षमता व एकाग्रता कमी आढळली.

हे गणित घरी सोडवण्याचे नव्हे. दुकानातून परस्पर आणलेल्या औषधांसह सर्व गोळ्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. मात्र आपल्या मनाने कोणतीही गोळी एकाएकी बंद करू नये. झोपेच्या गोळ्या तर हळूहळूच कमी कराव्या लागतात.